आधी पेटी उघडा, मग प्लेअर घ्या

"बाई, जरा कुंपणाशी या. मोठ्यानं सांगण्यासारखं नाही."

सुमनवहिनींनी असं म्हटलं की हातातलं काम बाजूला ठेवायचं असतं. सांगलीत, विश्रामबागेत, आमच्या दोन घरांमधली भिंत कमरेएवढी आहे, आणि वहिनींच्या मते ती मुद्दामच तेवढी बांधलेली आहे. त्यांची जास्वंद माझ्याकडे झुकते, माझा कढीपत्ता त्यांच्याकडे. बातम्यांना तर भिंत नाहीच.

"काय झालं?"

"अण्णांना खूळ लागलंय. माळ्यावरची मामंजींची पेटी खाली काढलीय, रेकॉर्डींची. आता म्हणे प्लेअर घ्यायचा, नवा. रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर बघत बसतात. काल आकडा कानावर आला. ५० हजार! अहो, तेवढ्यात माझे सगळे दात होतील."

"मग दात आधी करा."

"तेच म्हटलं. तर म्हणाले, दात करून तू काय गाणार आहेस? तुम्ही समजवा त्यांना. तुमचं ऐकतात, तुम्ही रेडिओत होता."

मी आकाशवाणीत निवेदिका होते. त्यामुळे गल्लीत कुणाचा मिक्सर बिघडला तरी पहिला सल्ला मला विचारतात, तो भाग निराळा. पण रेकॉर्डींशी संबंध आला, तो अगदी रोजचा. तबकडी कडेला धरून पाकिटातून काढायची, पिन गाण्याच्या सुरुवातीवर आणून ठेवायची, फिरती थाळी तशीच ठेवून वरची तबकडी बोटानं अडवून धरायची आणि निवेदन संपताक्षणी बोट उचलायचं. तेव्हा या विषयावर मला बोलायला सांगितलं तर मी नको म्हणत नाही.

"पेटीत काय काय आहे, वहिनी?"

"रेकॉर्डी."

"कसल्या?"

"काळ्या."

"तसं नव्हे. आत जा आणि प्रत्येक आकाराची एकेक घेऊन या. कडेला धरा, आणि पदरानं पुसू नका."

आल्या. पिशवीतून तीन निघाल्या. पहिली मोठी, १२ इंची एलपी, किशोरीताईंचा भूप आणि बागेश्री. दुसरी ७ इंची, बशीएवढी, भावगीतांची. तिसरी १० इंची, पण हातात घेतल्यावर जड. लेबलावर बालगंधर्व.

"ही तिसरी खाली पडली की संपली," मी म्हटलं. "ही लाखेची आहे. लाख म्हणजे झाडावरच्या किड्यांची, आपल्याच देशातून जगभरच्या तबकड्यांना जायची. मिनिटाला ७८ फेरे. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं गाणं, की उलटवा. एलपी १९४८ साली अमेरिकेत आली, ती प्लास्टिकची, ३३ फेऱ्यांची, एका बाजूला वीसेक मिनिटं सहज. तरी आपल्याकडे ७८ च्या तबकड्या १९७० च्या आसपासपर्यंत निघत होत्या. अशा किती आहेत पेटीत?"

"अर्धी पेटी अशीच जड आहे. मामंजींना नाटकाचं वेड. आणि ते मिरजेचे खाँसाहेब."

"अब्दुल करीम खाँ? ओडियनच्या?"

"लेबल निळं का काहीतरी आहे."

आता मला अण्णांपेक्षा जास्त खूळ लागायची वेळ आली होती. मी स्वतःला आवरलं.

"वहिनी, ५० हजारांचं सोडा. आधी हे ऐका. बाजारात जे नवे प्लेअर मिळतात त्यातले बहुतेक ३३ आणि ४५ वरच फिरतात. ७८ नाहीच. म्हणजे तुमची अर्धी पेटी पुन्हा माळ्यावर."

"मग ७८ वाला घेऊ."

"फिरवण्यानं भागत नाही. खाचही निराळी. एलपीची खाच बारीक, तिच्या पिनेच्या टोकाची त्रिज्या इंचाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. ७८ ची खाच तिच्या तीन-चारपट रुंद. त्यात एलपीची पिन घातली म्हणजे बैलगाडीच्या चाकोरीत सायकल घातल्यासारखं. तळाशी जाऊन घसटते, खरखर सगळी गोळा करते, गाणं लांब राहतं. उलट ७८ ची जाड पिन एलपीवर ठेवली तर एलपीच खरवडून निघेल. म्हणून पिन काढून दुसरी बसवता आली पाहिजे."

वहिनींनी एकदम आवाज उतरवला. "म्हणजे कोपऱ्यावरच्या जावयानं जी आणलीय ती..."

"कुठली?"

"तुम्हाला माहीत नाही? लाल सुटकेस! उघडली की आत रेकॉर्ड फिरते, स्पीकर त्यातच, ब्लूटूथ त्यातच, वजन माझ्या पर्सएवढं. दिवाळीत सगळ्या कॉलनीला बोलावून दाखवली. आल्या-गेल्याला चहाऐवजी तीच. तिन्ही स्पीडची आहे म्हणे. किंमत विचारली तर तीन वेळा तीन वेगळ्या सांगितल्या."

"दिसते छान."

"दिसते ना? मी अण्णांना म्हटलं, तसली घ्या, स्वस्तात काम."

"नका घेऊ," मी म्हटलं. "त्या पेट्यांमध्ये पिन ज्यात बसते ते कार्ट्रिज सिरॅमिकचं असतं, आणि पिनेचा दाब ५ ग्रॅमच्या आसपास. धड प्लेअरमध्ये तो २ ते ३ ग्रॅम असतो. दाब कमी करायचा म्हटला तर दांड्याला मागं वजनच नाही, करणार कसा? त्यात स्पीकर त्याच पेटीत. आवाज वाढवला की पेटी थरथरते, पेटी थरथरली की पिन थरथरते. मग हलक्या पिनेनं उड्या मारू नयेत म्हणून दाब जास्त ठेवलेला. एकदा-दोनदा ऐकून लगेच काही तबकडी मरत नाही, पण किशोरीताई रोज तिच्यावर लावाल तर मला सांगू नका."

"तरीच! त्यांच्याकडे लता घरघरत होती. आम्हाला वाटलं रेकॉर्ड जुनी."

"रेकॉर्डही जुनी असेल. उगाच सगळं जावयाच्या माथी नको."

वहिनींना हे फारसं आवडलं नाही. जावयाबद्दल त्यांचं मत आधीच तयार होतं.

"माझा भाऊ म्हणतो, पुण्याच्या जुन्या बाजारातून एचएमव्हीचा फिएस्टा उचलू. आमच्या माहेरी होता. दोन-अडीच हजारांत देतात म्हणे."

"फिएस्टा मलाही आवडतो. पण त्या काळच्या प्लेअरांची रबरं आता दगड झालेली असतात, मग थाळी लटपटत फिरते. पिन मिळवायला वणवण, आणि दुरुस्त करणारा हात मिळाला तर नशीब. ज्याला स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायची हौस आहे त्यानं जरूर घ्यावा. अण्णांना बल्ब बदलायला तुम्ही शेजारच्या मुलाला बोलावता."

"हळू बोला, ते व्हरांड्यात आहेत."

"आता पूर्वीसारखं नाही, नवे मिळतात. मधे वाटलं होतं हा धंदाच बसला. टेक्निक्सनं त्यांचा नावाजलेला एसएल-१२०० सुद्धा २०१० साली बंद केला होता. २०१६ ला परत आणावा लागला. अमेरिकेत २०२२ साली नगांच्या हिशेबात सीडीपेक्षा एलपी जास्त खपल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. तेव्हा तुमचे अण्णा एकटे नाहीत."

"खूळ साथीचं आहे म्हणा."

"हो. पण अमेरिकेचं नाव निघालं म्हणून विचारते, तुमच्या पुतण्याकडून तर मागवत नाही ना?"

वहिनी गप्प झाल्या. म्हणजे मागवायचं ठरलं होतं.

"तिथं स्वस्त पडतो म्हणाला. येताना बॅगेत आणतो म्हणाला."

"त्याला विचारा, मोटर कसली. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० सायकलची. आपली २३०, ५० सायकलची. व्होल्टेजचं ट्रान्सफॉर्मरनं भागतं. पण काही प्लेअरांची मोटर विजेच्या सायकलींच्याच तालावर फिरते, ती इथं हळूच फिरणार. ३३ च्या जागी २८ च्याही खाली. काळी चारात गाणारी बाई पांढरी चारावर उतरेल, आणि अण्णा म्हणतील खर्ज काय लागलाय! अ‍ॅडॉप्टरवर चालणारा असेल आणि त्यावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर हरकत नाही. पण वॉरंटी तिकडची, आणि बॅगा फेकणारे सगळ्या विमानतळांवर सारखेच. इथंच बिल घेऊन घ्या."

एवढ्यात अण्णा आलेच. हातात कप, खांद्यावर पंचा. त्यांना सगळं ऐकू येत होतं, हे त्यांच्या पहिल्या वाक्यावरून कळलं.

"बल्बचं नंतर बोलू. बाई, मी रेगा बघतोय. प्लॅनर वन. इंग्लंडमध्ये बनतो."

"चांगला आहे, अण्णा. साधा, नेमका, फालतू काही नाही. फक्त एलपी ऐकणारा माणूस असता तर मी म्हटलं असतं डोळे मिटून घ्या. पण त्यावर ७८ नाही. ४५ लावायची तर थाळी उचलून पट्टा दुसऱ्या खाचेत सरकवायचा. आणि गाणं संपल्यावर दांडा आपणहून उठत नाही. तुम्ही दुपारी कुठं झोपता?"

"झोपत नाही. डोळे मिटून ऐकतो."

"घोरत ऐकतात," वहिनी म्हणाल्या.

"मग शेवटच्या खाचेत पिन तासभर फिरत राहील. लगेच काही बिघडत नाही, पण पिनेचं आयुष्य तासांवर मोजतात. साधी गोल टोकाची पाचेकशे तास, लंबगोल टोकाची तीनेकशे तास. झोपेत ते कशाला घालवता?"

अण्णांना स्वयंचलित प्लेअर कमीपणाचा वाटतो. त्यांच्या मोबाइलमधल्या कुणी तरुणानं त्यांना तसं शिकवलं आहे. माझं मत उलट आहे. सत्तरीच्या माणसाच्या थरथरत्या बोटांपेक्षा यंत्राचा दांडा तबकडीवर जास्त हळुवार उतरतो. ऑडिओ-टेक्निकाचा एलपी-६०एक्स तसा आहे. बटण दाबलं की दांडा जाऊन बसतो, संपलं की उठून परत येतो. दाब कारखान्यातच लावून येतो, आपण हात लावायचा नाही, पण पिन बदलता येते आणि ती महाग नाही. सोनीचाही त्या जातीचा एक आहे, ब्लूटूथवाला. या वर्गातले प्लेअर साधारण १५-२० हजारांच्या घरात येतात. ज्यांच्या घरी फक्त एलपी आणि ७ इंची आहेत त्यांनी याच्या पुढं जायची मला तरी गरज दिसत नाही. उरलेल्या पैशात स्पीकर घ्यावेत. बहुतेक लोक उलटं करतात. प्लेअर भारी, आणि आवाज येतो कुठून, तर टीव्हीखालच्या पट्टीतून.

"ऐकलंत? १५ हजार!" वहिनींचा चेहरा उजळला.

"ते ३३ आणि ४५ चं झालं, वहिनी. अजून गंधर्व आणि खाँसाहेब राहिले."

चेहरा परत होता तिथं आला.

"त्यांच्यासाठी त्याच कंपनीचा मोठा, एलपी-१२०एक्स. जवळपास दुपटीनं महाग. पट्टा नाही, मोटर थेट थाळीखाली, तिन्ही स्पीड. दांड्याला मागं फिरवायचं वजन आहे, दाब आपण लावायचा. वर जे कार्ट्रिज येतं त्याची पिन पुढं ओढून काढता येते, आणि त्या मालिकेत ७८ साठी जाड पिन वेगळी मिळते. मात्र हा हाती चालवायचा आहे, अण्णा. संपल्यावर उठावं लागेल."

"उठेन."

"बघू," वहिनी म्हणाल्या.

"आणि तुमचा तो सोनोडाइनचा अ‍ॅम्प्लिफायर आहे ना अजून? त्याच्या पाठीमागं फोनो लिहिलेलं भोक आहे का बघा."

अण्णा तुरुतुरु गेले. वहिनींनी तेवढ्यात सांगून घेतलं की तो अ‍ॅम्प्लिफायर गेली कित्येक वर्षं गणपतीच्या आरासीखाली उंचवटा म्हणून वापरला जातो.

अण्णा आत असेपर्यंत मी वहिनींना फोनोचं समजावलं, कारण इथंच लोकांचे पैसे फुकट जातात. पिनेतून जी वीज निघते ती इवलीशी, चार-पाच मिलिव्होल्ट. शिवाय तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे स्वर वाढवलेले असतात, नाहीतर खर्जाच्या लाटांनी खाच शेजारच्या खाचेत शिरेल. वाजवताना हे सगळं उलटं करून सरळ करावं लागतं. ते काम फोनो प्रीअ‍ॅम्प करतो. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तो असायचा, नव्यांमध्ये बऱ्याचदा नसतो. तो नसताना थेट ऑक्समध्ये वायर घातली की आवाज बारीक आणि चिरका, आणि मग सगळे म्हणतात प्लेअर खराब निघाला. ६०एक्स आणि १२०एक्स या दोन्हींत तो आतच आहे, मागं बटण आहे. पण दोन्हीकडचा चालू ठेवायचा नाही. अ‍ॅम्प्लिफायरच्या फोनोत वायर घातली तर प्लेअरचं बटण बंद करायचं, नाहीतर आवाज फाटतो. असल्या गोष्टी खोक्यातल्या कागदावर लिहिलेल्या असतात. पण तो कागद कोण वाचतं?

"आहे! फोनो आहे!" अण्णा आतूनच ओरडले.

"झालं. म्हणजे प्रीअ‍ॅम्पचे वेगळे पैसे नाहीत, अ‍ॅम्प्लिफायरचे नाहीत, स्पीकर तुमचे आहेत ते तपासून घ्या. मग आकडा ५० च्या आत बसतो, वहिनी, ७८ ची पिन धरून."

"म्हणजे त्यांचंच बरोबर?"

"आकडा जवळपास बरोबर, यंत्र चुकीचं निवडलं होतं."

वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उगाच कढीपत्त्याची डहाळी तोडून त्यांच्या हातात दिली.

अण्णांना आता प्लेअर ठेवायचा कुठं याची घाई झाली. दिवाणखान्यातलं काचेचं टेबल त्यांनी मनात नक्की केलं होतं, स्पीकर दोन्ही बाजूंना त्याच टेबलावर. मी साफ नाही म्हटलं. स्पीकरची थरथर टेबलातून पिनेत जाते, आवाज वाढवला की घूं सुरू होतं. त्यांच्या जिन्याखाली भिंतीत कडप्प्याचं फडताळ आहे, वहिनी तिथं लोणच्याच्या बरण्या ठेवतात. मुंबई-पुण्याचे शौकीन जड दगडी फळीसाठी पैसे मोजतात, इथं ती बांधून तयार आहे. नातवंडं नाचली तरी भिंतीतला कडप्पा हलत नाही. गवंड्याकडचा पाणसळ ठेवून सपाटी बघून घ्यायची, एवढंच.

"आणि माझ्या बरण्या?"

"टेबलावर. काचेच्या टेबलावर बरण्या छान दिसतात."

पुसण्याचं वहिनींच्या हाती असल्यामुळे तेही तिथंच उरकून घेतलं. बॅटरीवाल्याकडे डिस्टिल्ड वॉटर मिळतं, ते मऊ कापडाला लावून खाचेच्या दिशेनं गोल पुसायचं, लेबल कोरडं ठेवायचं. एलपीला साबणाचा एखादा थेंब चालतो. लाखेच्या तबकडीला मात्र स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन, काही म्हणजे काही नाही. स्पिरिटमध्ये लाख विरघळते. फर्निचरचं पॉलिश तसंच तर करतात. २०१९ च्या पुरात गावभागातल्या ओळखीच्या एका घरी रेकॉर्डींचं कपाट पाण्याखाली गेलं होतं. पाकिटांचा लगदा झाला, पण एलपी चिखल धुऊन वाळवल्यावर वाजल्या. प्लास्टिक पाण्याला दाद देत नाही. तेव्हा पावसाळ्यात जपायचं ते पाकिटांना, बुरशी तिथून येते. आणि रेकॉर्डी उभ्या ठेवायच्या, एकावर एक रचायच्या नाहीत. मामंजींच्या पेटीत त्या उभ्याच होत्या असं वहिनी म्हणाल्या. जुन्या लोकांना कळायचं.

"घ्यायचा कुठून? आपल्या इथं तर कुणी ठेवत नाही," अण्णा म्हणाले.

"मुंबईत माहीमला रिव्हॉल्व्हर क्लब म्हणून दुकान आहे, रेकॉर्डी आणि प्लेअर दोन्ही. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ ला बंद झालं, नाहीतर तिथंच पाठवलं असतं. ऑनलाइन घेतलात तरी चालेल, पण घेण्याआधी विक्रेत्याला फोन करून एकच विचारा, या मॉडेलची पिन तुमच्याकडे मिळते का. हो म्हणाला तर पुढं बोला. खोकं टाकून देऊ नका, पुन्हा पाठवायची वेळ आली तर दांडा बांधून त्याच थर्माकोलमध्ये जावा लागतो. वहिनी, ऐकताय ना? तुम्ही खोकी भंगारवाल्याला देता."

"देते. जागा कुठाय?"

"हे नका देऊ. आणि अण्णा, ७८ वाजवायच्या आधी प्रत्येक तबकडीवरचा नंबर वहीत उतरवा. चीर गेलेली वाजवू नका, पिन तुटते. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स नावाची जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची संस्था आहे. एखादी तबकडी दुर्मिळ वाटली तर असल्या जाणकारांना विचारा, जुन्या बाजारातल्या माणसाला नको."

वहिनी तीनही तबकड्या पिशवीत घालायला लागल्या. अण्णांनी पिशवी काढून घेतली आणि कडेला धरून एकेक आत नेली. ते आत गेल्यावर वहिनी पुन्हा भिंतीवर रेलल्या.

"खरं सांगा, ७८ च्या सगळ्या खराब निघाल्या तर?"

"तर १५ हजारांचा घ्या आणि दात करा. म्हणून तर म्हणते, ऑर्डर देण्याआधी सगळी पेटी उजेडात काढून एकेक तबकडी बघा. चिरा नसलेल्या डझनभर जरी निघाल्या, तरी मोठा घ्या. आणि त्याच दिवशी ७८ ची पिनही मागवा. प्लेअर दोन-चार दिवसांत दारात येतो; ती पिन मात्र बहुतेक दुकानांत तयार नसते, मागवावी लागते."